डोळ्यांना पट्टी न बांधणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या फोनमधला आवाज तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून मुद्दाम युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत, टाइप केलं आहे. जुन्या फॉन्टमधली आमची प्रश्नपत्रिका दृष्टिबाधित मुलांना शिकवण्याच्या तुमच्या प्रशिक्षणात तुमच्या फोनने भर वर्गात वाचली होती, ते आठवतं ना? मराठीच्या पेपरातून इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी ऐकू आली. सगळे हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हसा, पण अंध मुलाला तुम्ही हाच पेपर देता." आमच्या केंद्रातल्या स्वाध्यायपत्रिका तेव्हापासून युनिकोडमध्येच निघतात. हे श्रेय तुमचं, म्हणून पहिलं तेच लिहिलं.

प्रशिक्षण म्हटलं की आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा चेहरा कसा होतो, तुम्हाला ठाऊक आहे. सही, चहा, पडद्यावरची वाक्यं पडद्यावरूनच वाचून दाखवणारा माणूस, पुन्हा चहा. दृष्टिबाधित मुलांवरचं एक प्रशिक्षण मी याआधीही केलं होतं. त्यात आमच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून व्हरांड्यात चालवलं. आम्ही खांबाला धडकलो, घाबरलो, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळे हळहळत घरी गेलो. वर्गात काय करायचं, ते कोरंच राहिलं.

तुमच्याकडे कोणीतरी पट्टीचं विचारलंच. तुम्ही म्हणालात, "पट्टी बांधून तुम्हाला माझी पहिल्या पाच मिनिटांची भीती कळेल, माझी सवय नाही कळणार." आणि ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या टिंबांची लिपी, लिहायच्या पाट्या वाटायला घेतल्यात.

पाटीवर लेखणीने उजवीकडून डावीकडे टोचायचं, कारण उठाव कागदाच्या पाठीवर येतो आणि वाचताना पान उलटून डावीकडून उजवीकडे जायचं, एवढं समजायलाच आमची सकाळ गेली. पण खरी गंमत भारती ब्रेलची. 1951 पासून भारतीय भाषांसाठी ही एकच पद्धत आहे, हे मला तिथेच कळलं. सहा टिंबांत सगळा संसार. कान्या-वेलांट्यांची वेगळी चिन्हं नाहीत, 'का' म्हणजे 'क' आणि त्याच्यापुढे 'आ'. 'कि' लिहितानाही 'इ' मागून येते, आपण कागदावर वेलांटी आधी काढतो तशी नाही. जोडाक्षरात अर्ध्या अक्षराच्या आधी एकटं चौथं टिंब. तुम्ही माझं बोट धरून टिंबांवर दाबलं नाहीत. तुमचा हात माझ्या हाताखाली ठेवलात आणि म्हणालात, "मुलालाही असंच. त्याचे हात म्हणजे त्याचे डोळे, ते कोणी ओढायचे नसतात." मी आजही तसंच करते. जाड कागद मिळेना तेव्हा जुन्या कॅलेंडरची पानं वापरायची युक्तीही तुमचीच.

एका गुरुजींनी शंका काढली होती, की एवढं टोचत बसायचं कशाला, मोबाईल आहे, ऐकून शिकेल पोरगा, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तरी कुठे लिहिता-वाचता येत होतं? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "त्यांच्या ओव्या मुलाने लिहून घेतल्या म्हणून तुमच्या पाठ्यपुस्तकात आल्या. तुमच्या विद्यार्थ्याचं कोण लिहून घेणार आहे?" गुरुजी गप्प. ऐकून गोष्ट कळते, पण ऱ्हस्व-दीर्घ बोटालाच कळतं, हे मला पुढे माझ्या विद्यार्थ्याच्या शुद्धलेखनात दिसलं. वर्गातल्या बऱ्याच डोळस पोरांपेक्षा तो ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहितो.

त्याच्याविषयी थोडं लिहिते. घरी अहिराणी, शाळेत आला तेव्हा प्रमाण मराठी कानावरून जायची. तुम्ही आम्हाला बजावलं होतं, "आठे-तठे, इथे-तिथे म्हणू नका, तुमचं आठे त्याला दिसत नाही." म्हणून आता 'तुझ्या उजव्या हाताला, बाकाच्या कडेशी' असं म्हणते, आणि फळ्यावर लिहिते ते मोठ्याने बोलत लिहिते. याचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच झाला, हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी हे फार आधी सुरू केलं असतं!

आणि केळी. तुम्ही विचारलं होतं, "त्याला केळं माहीत आहे, पण केळीचं झाड माहीत आहे का?" आमचा चोपडा तालुका, पोराचे वडील केळीच्या बागेत मजुरीला, आणि मला खात्री, की माहीत असणारच. नव्हतं. त्याला हातात येणारं सोललेलं केळं तेवढं ठाऊक. मग अख्खा वर्गच बागेत नेला. खोडाला मिठी मारून तो एकेक थर चाचपत राहिला, गार आणि पाणीदार लागतं म्हणाला. वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या झिरमिळ्या बोटांतून सोडून बघितल्या. एक घड हाताला लागेल एवढा खाली होता. वरच्या फणीपासून खाली केळफुलापर्यंत हात नेला, परत वर आणला, आणि ओरडला, "बाई, हाई ते उलटं शे!" घड खाली लोंबतो आणि केळ्यांची टोकं वर वळलेली, हे माझ्यासकट कितीजणांनी नीट बघितलं होतं कोण जाणे.

नकाशाचं थोडक्यात सांगते. सुतळीची तापी चिकटवली, उत्तरेला ज्वारीच्या दाण्यांचा सातपुडा. पहिल्या नकाशात मी गिरणा, पांझरा, रेल्वे, तालुके सगळंच भरायला निघाले होते. फोनवर तुम्ही म्हणालात, "बोटाला गर्दी सोसत नाही, एका नकाशात दोनच गोष्टी." सुटसुटीत झालं.

शेजारच्या वर्गातल्या अंशतः दृष्टी असलेल्या मुलीचंही तुमच्याच सांगण्याने सुधारलं. ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि उजेडाने तिला अक्षर दिसेना, सगळे म्हणत अभ्यासात कच्ची आहे. जागा बदलली, जाड काळ्या रेघांची वही आणि काळा मार्कर दिला, पुस्तक टेकवायला लाकडी स्टँड केलं. आता वाचते.

सर, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 17 मध्ये, ब्रेल जाणणारे शिक्षक नेमा, त्यांत दिव्यांग शिक्षकही घ्या, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्याकडे शिकल्यावर ते कलम मला कागदावरचं वाटत नाही. पण विशेष शिक्षक एक आणि त्याच्या वाट्याला शाळा ढीगभर, हे आपल्याकडचं रोजचं चित्र. उरलेले सगळे दिवस मूल आमच्यासारख्यांच्याच समोर असतं. तुम्ही प्रशिक्षण संपल्यावर फोन उचलत राहिलात, रात्री 'भागाकार टेलर फ्रेमवर (अंध मुलांच्या गणिताच्या पाटीवर) कसा मांडू' असं विचारलं तरी वैतागला नाहीत, याचे आभार मी प्रशिक्षणाइतकेच मानते.

आता काम सांगते. जूनपासून तो पाचवीला गावातल्या हायस्कुलात जाईल. तिथले गणिताचे सर चांगले आहेत, पण घाबरलेत. शाळा सुरू व्हायच्या आत एक दिवस त्यांच्यासाठी काढा. येण्याजाण्याचा खर्च आम्ही शिक्षक मिळून करू, भुसावळला उतरलात तर मोटारसायकल तयार असेल. भरताच्या वांग्यांचा मोसम संपला, तेव्हा शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीवर भागवून घ्यावं लागेल. तारीख कळवा.

आपली विद्यार्थिनी,
चोपडा तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका