मोठ्या मुलांच्या झोपेचाही विचार व्हावा

महोदय,
चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, ते योग्यच झाले. पण आठवी ते बारावीच्या मुलांचे काय? वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर निजवले तरी डोळा लागत नाही. हा आळस नव्हे, शरीरधर्म आहे. आणि या वयाला झोप लागते ८ ते १० तास. आमच्या परभणी भागात सातच्या शाळेसाठी खेड्यातल्या मुली पाचला उठतात, ओल्या केसांची वेणी घालून एसटी गाठतात आणि पास हातात धरूनच खिडकीला डोके टेकून झोपी जातात. मग गणिताच्या तासाला पेंगणाऱ्या लेकराला उभे करायचे, हा कुठला न्याय? अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२२ पासून बहुतेक हायस्कूल साडेआठच्या आत भरवण्यास कायद्याने मनाई केली आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात मराठवाड्यात सकाळची शाळा हवीच, हे मान्य. मात्र जुलै ते फेब्रुवारी हे वर्ग साडेआठनंतर भरवावेत आणि एसटीच्या फेऱ्याही त्या वेळेला जोडाव्यात.
— एक पालक, परभणी