घाटात तापणारी जुनी गाडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या जुन्या गाड्यांत सर्रास बोअरचे पाणी ओतले जाते. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण काढून कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) रंग पाहावा. विटकरी असेल तर गंज. दुधाळ चहासारखा, वर तेलकट साय असेल तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) गेलेले, डिझेल गाडीत कधी ऑइल कूलर फुटलेला. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही तसेच दुधाळ दिसले, तर इंजिन सुरूच करू नये.

काही मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, काढून फेकतात, हा शुद्ध आळस! थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात ठेवून, पाणी तापवून तपासा. बहुतेक ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतात. दुरुस्तीनंतर रेडिएटर फ्लश करून (आतून धुऊन) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे.

– एक वाचक, सातारा