गाडीला रंग नको, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

विकण्याआधी गाडीवर खर्च करू नका म्हटलं, तर काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून हे लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

गॅरेजवाल्याने दिलेल्या कागदाचा फोटो पाहिला. क्लच सेट ६,५००, मागचा बंपर आणि डावा दरवाजा डेंट-पेंटसकट ६,०००, चार टायर १४,०००, एसीचा कॉम्प्रेसर १५,०००, पुढचे ब्रेक पॅड १,८००. बेरीज ४३,३००. इथे पुण्यात मी तीन ठिकाणी विचारलं. आपल्या २०१२ च्या वॅगन आरला आहे तशी सव्वा लाख म्हणतात, आणि सगळं करून घेतलं तर फार तर पंधरा हजार वाढवून देतील. आई म्हणाली तेच खरं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय जुन्या गाड्या घेणाऱ्या एजंटचं बहुधा स्वतःचं गॅरेज असतं, हेच काम त्याला निम्म्यात पडतं. आपण खर्च केलेला त्याच्या लेखी शून्य.

त्यातही रंग तर नकोच. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाबरोबर जुनी गाडी बघायला गेले होते. सोबत मेकॅनिक होता. त्याने दरवाजा उघडला, कडेच्या रबरी बीडिंगखाली नख घातलं, तर रबरावर बॉडीच्याच रंगाचे बारीक ठिपके. मग पत्र्यावर बोटाने टकटक केलं. एका जागी आवाज बद्द आला, म्हणजे खड्डा बुजवायला आत लांबी (पुट्टी) भरलेली. "ठोकलेली आहे," एवढंच म्हणाला आणि चालू लागला. मालक बिचारा मागून सांगत होता, अहो, गेटला घासली होती फक्त! आपलीही गेटलाच घासलीय ना? मग तो ओरखडा राहू दे. तो दिसतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही.

ब्रेक पॅड मात्र आजच बदला. उद्या कुणी चक्कर मारून बघायला गाडी नेली आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर? तिथे हिशेब बघायचा नाही. क्लच बदलू नका, पण आपणहून सांगा, "क्लच संपत आलाय, त्याचे सहा-सात हजार किमतीत धरलेत." एसीचंही तसंच. टायरच्या खाचांमध्ये तळाला बारीक आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर टायर संपला, खाच १.६ मिलिमीटरच उरली. तसं झालं असेल तर बोलू, नाहीतर तेही राहू देत.

आणि बाबा, तुमची ती फाईल काढून ठेवा. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल, आणि पेट्रोल भरलं की किलोमीटर टिपलेली डायरी. आम्ही तुम्हाला किती हसायचो त्यावरून! घेणाऱ्याला रंगापेक्षा तीच जास्त पटेल.

थांबून फायदा नाही. २०२७ मध्ये १५ वर्षं होतील, मग आरसीचं नूतनीकरण, त्याची फी आणि पर्यावरण कर. तेव्हा भाव आणखी पडेल. घेणारा ओळखीचा असला तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरटीओत नाव बदललं का, हे मी स्वतः बघणार आहे. "करतो सावकाश" चालणार नाही. कागदावर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. फास्टॅगही बंद करायचाय.

बाबा, एक विचारू? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही स्टेअरिंगला हात लावलेला नाही, आणि तरी नवे चार टायर हवेत. विकायचं मनात नसेल तर तसं म्हणा. आणखी सहा महिने दारात उभी राहिली तर बॅटरी जाईल, एवढंच नुकसान.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. आई, डिकीतली तुझी चटई आणि गुळाचा डबा काढून ठेव, मुंग्या झाल्या असतील. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र बाबांना काढू देऊ नकोस. फेव्हिक्विकने चिकटवलाय, स्क्रूड्रायव्हर घालून बसतील. मी केसांचा ड्रायर आणतेय.

तुमची,
मनू