दुधाच्या पिशवीवर नको, ढेपेच्या पोत्यावर लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दुधाच्या पिशवीवरचा हिरवा ठिपका म्हणजे शुद्धतेची हमी, असा समज इंदूरच्या मराठी घरांतही आहे. तो ठिपका फक्त शाकाहारी असल्याची खूण आहे. म्हशीने काय खाल्ले ते तो सांगत नाही. जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकाची पेंड तिच्या गव्हाणीत होती का, हे नेहमीच्या दूध तपासणीतही कळत नाही, कारण खाद्यातले डीएनए आणि प्रथिने पचनात मोडतात. म्हणून कोणी 'जीएम-मुक्त दूध' म्हणून जादा पैसे मागत असेल, तर पुरावा दुधात शोधू नये. पेंडखरेदीची बिले मागावीत.

आपल्या भागात प्रश्न मुख्यतः सरकीचा आहे. देशात 2002 पासून बीटी, म्हणजे जीएम, कापूस आहे आणि निमाडातली बहुतेक सरकी त्याच कापसाची. तेल निघते ते फरसाणाच्या कढईत जाते, ढेप उरते ती गोठ्यात. हिलाच आपण बाजारात कपास्या खली म्हणतो. भाव 60 किलो भरतीच्या पोत्यावर सांगितला जातो, पण पोत्यावर 'जीएम' लिहिण्याची सक्ती नाही. 2013 पासून लागू असलेला 'जीएम' छापण्याचा नियम खाद्यपदार्थांच्या पाकिटांसाठी आहे, आणि सरकीच्या तेलाच्या डब्यावरसुद्धा तो शब्द दिसत नाही. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नसल्याने प्रयोगशाळाही ठामपणे काही सांगू शकत नाही. ग्राहकाने घटकांच्या यादीत 'कॉटनसीड' शोधावे; ते सरकीचेच तेल. 'आयएनएस 322' हा लेसिथिन या मिश्रद्रव्याचा क्रमांक; ते बहुधा सोयाबीनचे असते.

माळव्याचे सोयाबीन मात्र जीएम नाही. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागले, तेव्हा केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. दोन्ही पेंडी दिसायला सारख्याच. एकदा मिसळल्या की डोळ्यांनी निवडता येत नाहीत. पोत्यावर नोंद नसेल तर आपल्या शेतकऱ्याच्या मालाची वेगळी ओळख पुसली जाते, आणि हे नुकसान आम्हाला फार मोठे वाटते. युरोपीय संघात 0.9 टक्क्यांहून जास्त जीएम अंश असलेल्या पशुखाद्यावर तसे लिहावेच लागते. दुधावर किंवा मांसावर सक्ती नाही, पोत्यावर आहे. हेच व्यवहार्य आहे, कारण माहिती पोत्यापाशी असते, पिशवीपाशी नाही.

जीएमच्या काळजीत एक मोठा धोका मागे पडू नये. ढेप ओलसर जागी राहिली की बुरशी धरते आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 हे विष तयार होते. त्याचा काही अंश म्हशीच्या शरीरात अफ्लाटॉक्सिन एम-1 होऊन दुधात उतरतो, आणि दूध उकळले तरी जात नाही. दुधात या एम-1ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. पशुपालकाने ढेप फोडून आतून पाहावी: हिरवट-काळे डाग, कुबट वास किंवा आत ऊब लागली तर ती म्हशीला घालू नये. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढाच साठा करावा.

पोत्यावर छापलेल्या प्रथिनांच्या टक्क्यांनीही फसू नये. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून 100 किलो खाद्यात 1 किलो युरिया मिसळला की प्रथिने जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढलेली दिसतात. भारतीय मानक आयएस 2052 मध्ये तयार पशुखाद्याला 20 किंवा 22 टक्के प्रथिनांची अट आहे, ती अशी कागदावर पुरी होते. म्हणून एकूण प्रथिनांशेजारी युरियाचे प्रमाणही छापलेले हवे.

आमची मागणी एवढीच: ढेप असो वा तयार खाद्य, प्रत्येक पोत्यावर जीएम की बिगर-जीएम, ओलावा, युरिया, अफ्लाटॉक्सिन तपासणीची तारीख आणि लॉट क्रमांक ठळक हिंदीत छापावेत, आणि तोच लॉट क्रमांक दुकानदाराच्या पक्क्या बिलावरही यावा.

आपले,
पशुखाद्य व अन्नतपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, इंदूर