मुआरो जांबीच्या विटा आणि आपलं शेत

नागपूर, रविवार

प्रिय सुमेध,

सप्रेम जय भीम.

मी विमानतळावर उतरले तेव्हा तू फोन केलास आणि मी नुसतं "गाव छान होतं" म्हणून ठेवून दिला. पाय सुजले होते, दोन रात्रींची झोप राहिली होती, आणि जे सांगायचं होतं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं. इंडोनेशियातल्या बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाचे फोटो तू पाहिलेसच. आपल्या विहारातली सगळी मंडळी अजून त्याच्याबद्दलच बोलतात, आणि ते आहेच तसं. पण माझं मन अडकलंय ते त्यानंतरच्या तीन दिवसांत, सुमात्रातल्या एका नदीकाठच्या गावात.

जकार्ताहून जांबी शहरापर्यंत विमान, तिथून बातांगहारी नदीच्या बाजूनं गाडी. ही सुमात्रातली सगळ्यांत लांब नदी, सुमारे 800 किलोमीटर. पश्चिमेच्या डोंगरांतून निघून पूर्वेला समुद्राला मिळते. पाणी आपल्या वैनगंगेचं श्रावणात असतं तसं, चहाच्या रंगाचं. वाटेत नदीकाठी दगडी कोळशाचे काळे ढीग लागले, मग पाम तेलाची झाडं, ओळीच्या ओळी. मी मनात म्हटलं, इथं काय उरलं असणार? तेवढ्यात गाव आलं.

मुआरो जांबीतली जुनी घरं लाकडी आणि खांबांवर उभी. माणूस वाकल्याशिवाय खालून चालून जाईल एवढी उंच. पावसाळ्यात नदी गावात येते म्हणून. घराखाली सरपण, सायकली, कोंबड्या आणि एखादा डोंगा उलटा टाकलेला. आम्हाला ज्यांच्याकडे उतरवलं त्या बाई माझ्याच वयाच्या. तिथं मोठ्या बाईला 'इबू' म्हणतात, म्हणजे आईच. मी त्यांना इबू म्हणायची, त्या मला इबू म्हणायच्या. पहिला दिवस आमचं तेवढंच बोलणं झालं.

मग हळूहळू शब्द सापडत गेले. गावाला त्या 'देसा' म्हणतात. सरपंचाला 'केपाला देसा', म्हणजे गावाचं कपाळ! शिक्षकाला 'गुरू'. रोज्याला 'पुआसा', तो आपला उपवास. मी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, सुमेध, पण भाषा इतक्या लांब चालत जाते हे मला त्या बाईंच्या चुलीपाशी बसून कळलं. जेवणात त्यांनी पातिन मासा केला होता, तेंपोयाक घालून. ड्युरियन नावाचं फणसासारखं काटेरी फळ असतं, त्याचा गर मीठ घालून आंबवतात, तो तेंपोयाक. वासानं आमच्यातल्या दोघी उठून गेल्या. मी दोनदा घेतलं. आंबट, तिखट, आणि मागे राहणारी एक गोड चव. तुझी आजी ज्या प्रेमानं वैनगंगेचा मासा रांधायची, तेच त्या रश्श्यात होतं.

आता विटांचं सांगते.

गावाला लागून फळबागा आहेत. ड्युरियन, कोको, आणि डुकू नावाची लिंबाएवढी पिवळट फळं लागणारी उंच झाडं. या बागांत जागोजागी मातीचे उंचवटे आहेत. गावातले लोक त्यांना 'मेनापो' म्हणतात. प्रत्येक उंचवट्याच्या पोटात भाजक्या विटांची इमारत. अशी 80 च्या वर ठिकाणं मोजलेली आहेत, नदीच्या काठानं सातएक किलोमीटर पसरलेली. 2013 साली सरकारनं 3,981 हेक्टर जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केली. मोजकीच मंदिरं पूर्ण मोकळी करून बांधून काढली आहेत: गुंपुंग, तिंगी, केंबार बातू, केदातोन अशी काही. तिथं मंदिराला 'चंडी' म्हणतात. सातव्या शतकापासून सहाएकशे वर्षं इथं बौद्ध भिक्खू राहिले, शिकले, शिकवत राहिले. गुंपुंगच्या पायातून सोन्याचे पातळ पत्रे निघाले, त्यांवर बुद्धमंडलातल्या देवतांची नावं कोरलेली. 1978 साली तिथंच प्रज्ञापारमितेची, म्हणजे प्रज्ञेच्या देवीची, मूर्ती सापडली. डोकं नाही, हात तुटलेले, पण बसण्यात एवढी शांतता की मी तिच्यापुढून हलेना. शेवटी आमच्यातल्या एका ताईंनी दंडाला धरून नेलं.

चिनी भिक्खू इ-त्सिंग 671 साली नालंदेला निघाला, तेव्हा तो सरळ भारतात आला नाही. आधी सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने थांबून त्यानं संस्कृत व्याकरण शिकून घेतलं, मग मलायुला दोन महिने राहिला. हे मलायु म्हणजे जांबीचाच परिसर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे या सुमात्राकडच्याच, राजानं, बालपुत्रदेवानं, नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी तिकडच्या पाल राजानं, देवपालानं, पाच गावं तोडून दिली. तो ताम्रपट नालंदेतच सापडला. आणि बंगालचे आचार्य अतिश, ज्यांनी पुढे तिबेटात धम्म पुन्हा उभा केला, ते तेरा महिने समुद्रातून प्रवास करून सुवर्णद्वीपाला आले आणि धर्मकीर्ती नावाच्या गुरूपाशी बारा वर्षं राहिले. ती जागा नेमकी कुठली यावर विद्वानांचे वाद आहेत. गावातले लोक वाद घालत नाहीत, ती इथलीच म्हणतात. आपण नेहमी सांगतो की धम्म भारतातून जगात गेला. शिकण्यासाठी भारतातून तिकडे गेलेलेही होते, हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं.

पण मला तुला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. हे गाव मुसलमानांचं आहे. पहाटे मशिदीतून अजान होते आणि थोड्या वेळानं त्याच घरांतले पुरुष फावडी आणि ब्रश घेऊन चंडीकडे कामाला जातात. वीट मोकळी करणं, जुन्याशी जुळणारी वीट घासून बसवणं, जुने पाट उपसणं, हे काम गावातलीच माणसं करतात. वैशाखी पौर्णिमेला बाहेरून बौद्ध लोक वंदनेला येतात. आमच्या इबूंच्या बागेतही एक मेनापो आहे. मी तिसऱ्या दिवशी पाहायला गेले. डुकूच्या झाडाखाली शेवाळलेल्या विटा, त्यांवर पानं पडलेली. मी वाकून त्रिसरण म्हटलं. इबू ओढणी सावरून बाजूला उभ्या राहिल्या, माझं होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर दुभाष्या मुलाला मी विचारायला लावलं, या विटा तुम्ही घराला का नाही वापरल्या? त्या म्हणाल्या, "आमच्या नाहीत त्या."

सुमेध, मी तिथंच खाली बसले.

पवनीच्या आपल्या घराची मागची भिंत तुला आठवते? सांदवाडीकडची, रुंद लाल विटांची. लहानपणी तू त्यांवर खडूनं गाड्या काढायचास. त्या विटा माझ्या आजोबांनी टेकडीवरून बंडीत भरून आणल्या होत्या. तेव्हा सगळेच आणत. कुणालाच माहीत नव्हतं, आणि आपण तेव्हा अजून दीक्षाही घेतलेली नव्हती. पुढे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं पवनीत खोदलं आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. मी तेव्हा शाळेत होते. बाबा मला खांद्यावर घेऊन बघायला गेले. येताना ते फार गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी त्या भिंतीवरून एकदा हात फिरवला. का, ते मी कधी विचारलं नाही.

आपली धानाची बांधी त्या टेकड्यांपासून लांब नाही. तिच्या कोपऱ्यातला उंचवटा तुला माहीत आहे, जिथं नांगर अडतो आणि धान नीट येत नाही. वीटभट्टीवाल्याला नेमकी तीच माती हवी आहे. तू म्हणालास भाव चांगला मिळतोय, आणि त्या कोपऱ्यानं आपल्याला कधी काही दिलं नाही. तुझा हिशोब चूक नाही. फ्लॅटचा हप्ता किती आहे ते मला ठाऊक आहे, आणि तू माझ्या सहलीला पैसे दिलेस तेही मी विसरले नाही.

तरी इसार घेऊ नकोस. निदान तो कोपरा सोडून व्यवहार कर. मातीखाली काही असेल किंवा साधं खडकाळ रान असेल, आधी कुणा जाणत्याला दाखवू. मी पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयात अर्ज लिहून ठेवलाय. सातबाऱ्याची नक्कल तुझ्याकडे आहे, ती पाठव. पुढच्या शनिवारी मी पवनीला जाणार आहे. जमलं तर तूही ये, भिंतीतल्या विटा मोजायला मला एकटीला टेप धरता येत नाही.

मंगल कामना.

तुझी आई