अण्णांची जीप आणि माझी अडलेली गाडी

डेन्व्हर, कोलोरॅडो
१६ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्यामुळे माझे चौदाशे डॉलर वाचले हेही सांग. ‘मी काय केलं?’ असं ते विचारणारच. म्हणून हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, चष्मा शोधत बसायला लावू नकोस.

माझी जुनी गाडी तुला फोटोत पाहून माहीत आहे. २००१ चं मॉडेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद जाणारी. काट्यावर दोन लाख अठरा हजार मैल, म्हणजे साडेतीन लाख किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, बिचारीची बदनामी नको. खरं तर या वयात ती चालते हेच खूप.

नोव्हेंबरपासून तिला एक विचित्र खोड लागली. हमरस्त्यावर सरळ जाताना काही नाही. पण वाणसामानाच्या दुकानापुढे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण काटून वळवली की अडायची. कुणीतरी हँडब्रेक ओढून धरलाय असं वाटायचं. मग चाक जागच्या जागी उडी मारायचं, टक् टक् टक्, आणि पूर्ण गाडी थरथरायची. बायको म्हणाली, ‘बैलासारखी मान का हलवतेय?’ गंमत म्हणजे त्याच आठवड्यात बर्फ पडला तर गाडी लोण्यासारखी वळायला लागली. बर्फ वितळून डांबर कोरडं झालं, की पुन्हा रडगाणं सुरू. दुखणं कोरड्यात आणि आराम बर्फात, असं कधी ऐकलंयस?

एका गॅरेजवाल्याने फेरी मारून सांगितलं, गिअरबॉक्सची मागची बाजू उघडावी लागेल, चौदाशे डॉलर. गाडी विकली तर तीन हजार मिळतील. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी येऊन दोन दिवस नुसता चहा पीत बसलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पार्किंगमध्ये वळताना गाडी अगदी अडून बसली. काय मनात आलं कोण जाणे, स्टिअरिंग सरळ केलं आणि सात-आठ फूट मागे घेतली. खालून ‘धप्प’ असा आवाज आला आणि गाडी एकदम मोकळी! तो आवाज मी आधी ऐकला होता, बंड्या. तुझ्या अण्णांच्या जीपमध्ये.

आठवतंय? आपण सातवीत असू. चौकुळकडून येताना जांभ्याच्या लाल चिखलात जीप रुतली, तेव्हा अण्णांनी छोटी दांडी ओढून फोरव्हील टाकली. चिखलातून बाहेर आलो, डांबरी लागली, आणि दांडी काही केल्या परत निघेना. मागे पोत्यांवर बसून आपण हसत होतो. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. जीप दहा फूट सरळ मागे घेतली, खालून धप्प झालं, आणि दांडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. ‘पीळ पडला होता,’ एवढंच म्हणाले.

ते ‘पीळ’ मला चाळीस वर्षांनी कळलं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची छोटा. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायला लागतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद नेणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांना घट्ट बांधलेले असले तर हा फरक जिरायला कुठे वावच राहत नाही, आणि सगळा ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो. चिखलात किंवा बर्फात एखादं चाक घसरतं आणि ताण निघून जातो. कोरडं डांबर टायर घट्ट धरून ठेवतं, तिथे सुटका नाही. सरळ मागे घेतलं की पीळ उलटा सुटतो.

माझ्या गाडीत दांडी नाही. ऑटोमॅटिकच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांचा एक गठ्ठा असतो. तेलाच्या दाबाने प्लेटा आवळल्या की मागच्या चाकांना ताकद जाते, सैल सोडल्या की नाही. किती आवळायच्या ते कॉम्प्युटर एका सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेमार्फत ठरवतो. गिअरवाल्या मॉडेलात हे नसतं. तिथे मधल्या डिफरन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर) घट्ट सिलिकॉन तेलाची सीलबंद डबी असते, पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की ते तेल तापून प्लेटांना धरतं. म्हणजे माझी गाडी वळताना अडत होती, याचा अर्थ प्लेटा सैल होतच नव्हत्या.

पण का? यावर एक साधी तपासणी आहे, ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवली. बॉनेटखाली फ्यूजसाठी एक रिकामी जागा असते. स्टेपनीचं बारकं चाक लावून गाडी चालवावी लागली तर तिथे फ्यूज खोचायचा, म्हणजे मागची चाकं सुटतात. आम्ही खोचला. डॅशबोर्डवर फक्त पुढची चाकं चालू असल्याचा दिवा लागला. त्याच पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण काटलं, आणि गाडी गपगुमान वळली. म्हणजे हुकूम मिळाला तर प्लेटा सोडतात. चिकटून एकजीव झालेल्या नाहीत. म्हातारा खाली वाकून टायर बघायला लागला आणि मला कानकोंडं झालं.

कारण गुन्हा माझाच होता. ऑक्टोबरमध्ये मागचा एक टायर फाटला. दुकानदार चार बदला म्हणत होता, मी चिकटपणा केला आणि मागचे दोनच घातले. नव्याच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर, पुढच्या झिजलेल्यांची ३. पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं तुलाही वाटेल. पण कागदावर हिशेब कर: त्रिज्येत ५ चा फरक म्हणजे घेरात ३१ मिलिमीटर. चाक किलोमीटरला साधारण पाचशे वेळा फिरतं. म्हणजे अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला पुढच्या चाकांना सातआठ फेरे जास्त. बिचाऱ्या प्लेटा अहोरात्र घासत होत्या आणि तेल शिजत होतं.

तेलाची कांडी पांढऱ्या कागदावर टेकवून पाहिली. नवं तेल कोकम सरबतासारखं लालबुंद असतं. माझं निघालं उकळून उकळून काळवंडलेल्या चहाच्या रंगाचं, आणि करपल्याचा वास.

मग चारही टायर एकाच जातीचे, नवे घेतले. इथे एक सोय आहे, नवा टायर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात. पण माझे पुढचे जुने, त्यांच्या मापाला नवे तासून घ्यावेत एवढ्याही लायकीचे उरले नव्हते. आय-७० या हमरस्त्यावर मॉरिसनपासून पुढे डोंगरात १ सप्टेंबर ते ३१ मे कायदाच आहे, चारचाकी ताकदीच्या गाडीलाही नक्षी निदान पावणेपाच मिलिमीटर हवी. लोक पाव डॉलरचं नाणं खोबणीत उलटं घालून बघतात, वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग झाकला जातो का. माझ्या पुढच्या टायरांत त्याचं अख्खं डोकं दिसत होतं. त्याच टायरांवर मी डिसेंबरात आयझेनहॉवर बोगद्यातून जाऊन आलो, अकरा हजार फुटांवर, कळसूबाईच्या दुप्पट उंचीला. चारही चाकं ओढतात म्हणून छाती फुगलेली! ओढतात खरी, पण थांबवताना ती व्यवस्था काडीची मदत करत नाही, तिथे फक्त टायर. हे बायकोला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तेल तीनदा बदललं. खालच्या बोल्टातून निम्मंसुद्धा निघत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या डब्यात, अडून राहतं. म्हणून काढायचं, नवं भरायचं, थोडे दिवस चालवायचं, पुन्हा काढायचं. मग म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी फिरवली, अर्धा तास, प्लेटा मोकळ्या व्हाव्यात म्हणून. एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, काही हरवलंय का?

आता अडणं जवळजवळ गेलं. पूर्ण नाही. लांबून तापून आली आणि लगेच पूर्ण काटून वळवली, तर एखादी हलकी उडी अजून मारते. तेवढ्याने मी चौदाशे खर्चणार नाही. उद्या सोलेनॉइड गेला तर तेव्हा बघू. एक मात्र शिकलो, बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन बोलवायची नाही, चारही चाकं पाटावर घेणाराच ट्रक हवा.

आता अण्णांसाठी नवा पेच. टायर गप्प झाल्यावर मागून एक घूं-घूं आवाज ऐकू यायला लागलाय. ताशी साठ किलोमीटरला सुरू होतो, डावीकडे वळलं की वाढतो, उजवीकडे वळलं की जवळजवळ थांबतो. मला मागच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय आहे. आवाज फोनवर रेकॉर्ड करून तुला पाठवलाय. त्यांच्या बऱ्या कानाशी धर आणि काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव, शिव्यांसकट.

तुझा,
पम्या