ऑक्टोबरमधील मुक्तस्रोत योगदानाविषयी सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ऑक्टोबरभर मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांना योगदान देण्याच्या 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात सहभागी होताना आपण पाठवलेली प्रत्येक पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात स्वीकारण्याची विनंती) प्रकल्पाची देखभाल करणारी एखादी व्यक्ती, बहुधा नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात, वाचणार आहे याचे भान ठेवावे. डिजिटलओशन या क्लाउड सेवा कंपनीने २०१४ साली सुरू केलेल्या या उपक्रमात २०२० मध्ये, केवळ बक्षीस म्हणून मिळणाऱ्या टी-शर्टसाठी रीडमी फाइलमध्ये (प्रकल्पाच्या ओळखपत्रकात) एखाददुसरा शब्द घुसडणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा इतका पूर आला की, आयोजकांना ऐन ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दर्शवली आहे तेवढ्यांतीलच योगदान ग्राह्य धरावे लागले. (टी-शर्ट बाजारातही मिळतो.) म्हणून रिपॉझिटरीवर (प्रकल्पाच्या कोडच्या संग्रहावर) संमतीची खूण म्हणून 'हॅक्टोबरफेस्ट' हा टॉपिक (विषयदर्शक शब्द) आहे का ते पाहावे, योगदानाचे नियम वाचावेत आणि मोठा बदल हाती घेण्यापूर्वी इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या चर्चेच्या नोंदीत) विचारणा करावी. उत्तरास विलंब झाल्यास तगादा लावू नये. विनंती नाकारली गेल्यास कारण समजून घ्यावे, वाद घालत बसू नये. आपल्या बदलामुळे पुढे काही बिघडल्यास, महिना उलटून गेला तरी, दुरुस्तीसाठी स्वतः पुढे यावे. प्रथमच योगदान देणाऱ्यांनी आपला मसुदा पाठवण्यापूर्वी समूहातील अनुभवी सभासदास दाखवावा.